उपनगरातला ब्लॉक आणि दलित कथा

दलित साहित्याने गावकुसाबाहेरचा वाडा लिहिला. १९७२ च्या ‘गोलपिठा’ने महानगराचा तळ लिहिला. १९७८ च्या ‘बलुतं’ने कावाखाना लिहिला. परंतु शिकून, नोकरी करून, कर्ज काढून आपल्यातला जो माणूस ठाण्या-मुलुंडच्या ब्लॉकमध्ये राहायला गेला, त्याचे घर अजून पुरते लिहिले गेलेले नाही. जे थोडे आले आहे ते मोलाचे आहे; पण प्रश्नाच्या मानाने ते फार अपुरे आहे. असे का व्हावे?

ह्याला एक ठरावीक उत्तर दिले जाते. ब्लॉकमध्ये गेलेला माणूस पांढरपेशा झाला, ‘दलित ब्राह्मण’ झाला. त्याच्याजवळ लिहिण्यासारखे दुःख उरले नाही. हे उत्तर मला मान्य नाही. त्यात दुःखाचा संबंध केवळ भुकेशी जोडलेला आहे, जातीशी नाही. पोट भरले म्हणून जात सुटते, हा प्रस्थापितांचा आवडता सिद्धांत आपणच का उचलून धरावा?

आधी उपनगर म्हणजे काय ते पाहू. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती उभ्या राहिल्या. फोर्टातल्या कचेरीत काम करावे आणि रात्री मोकळ्या हवेत झोपावे, ही सोय रेल्वेने केली. पण ह्या वसाहतींची नावे पाहा: हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९१५ ची गावदेवीची संस्थाही सारस्वतांची. म्हणजे रस्ते नवे आणि वस्तीचे सूत्र जुनेच. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी ग्राह्य धरली. सहकाराच्या कागदावर गावकूस असे शाबूत राहिले.

ह्याच दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ‘राजगृह’ बांधले. परळच्या चाळीत पुस्तकांना जागा पुरत नव्हती. त्यांनी वस्ती सोडली म्हणून त्यांना कोणी पांढरपेशा म्हटले नाही, कारण राजगृहाचे दार वस्तीकडे उघडे राहिले. घर कोठे आहे ह्यापेक्षा त्याचे दार कोणाकडे उघडते, हा खरा निकष आहे. आणि २०२० च्या जुलैमध्ये त्याच घराच्या आवारात मोडतोड झाली, हेही विसरता येत नाही.

हा निकष लावून आपल्या कथा वाचाव्यात. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ही ह्या वाटेवरची पहिली मोठी कथा. रेल्वेतली नोकरी, परके गाव, खोलीसाठी विचारली जाणारी जात आणि ती लपवल्याबद्दल शेवटी मार. वामन होवाळांच्या ‘मजल्याचं घर’मधला बयाजी उलट मुंबईहून गावी परततो आणि माडीची इच्छा धरतो, ती इच्छा गावाला सहन होत नाही. अर्जुन डांगळे यांच्या ‘प्रमोशन’मध्ये अधिकारी झालेल्या वाघमारेचा मुलगा शेजाऱ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाऊन येतो आणि बापाच्या अंगावरचे साहेबपण गळून पडते. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) मुलीच्या वाढदिवशी भिंतीवरच्या तसबिरी दिसतात आणि लोकांची वागणूक बदलते.

ह्या लेखनाचे बळ मोठे आहे. पण त्यातले बरेचसे एकाच ठिकाणी थांबते: बाहेरच्याने जात ओळखली, त्या क्षणी. त्या क्षणापर्यंतची वर्षे कशी गेली? आपण आपल्यालाच किती चोरले? हा आत्मशोध कथेत क्वचित येतो. ‘बलुतं’ची रचना आठवावी. तेथे पांढरपेशा दया पवार आणि त्याच्या आतला दगडू समोरासमोर बसतात. तो संवाद ब्लॉकच्या दिवाणखान्यात पुढे चालायला हवा होता. तो चालला नाही.

मी वडनेर भोलजीचा. मलकापूर आणि नांदुरा ह्यांच्यामधले, हमरस्त्यावरचे गाव. नांदुऱ्याला गाडीत बसून मुंबईला आलो आणि पुढे एका उपनगरात ब्लॉक घेतला. पहिल्याच आठवड्यात एका सभासदाने आडनाव विचारले, मग गाव, मग ‘म्हणजे तिकडचे कोण?’ मी ‘विदर्भातले’ म्हणालो. उत्तर खरे होते आणि चोरीचेही होते. गणपतीची वर्गणी मी दारातच दिली. चौदा एप्रिलची वर्गणी मागायचे धाडस माझ्याने आठ वर्षे झाले नाही.

आई गावाहून आली. तिने हॉल न्याहाळला आणि विचारले, “बाबासायब कुठी ठेवले रे बापू?” तसबीर आतल्या खोलीत, कपाटाशेजारी होती. “आत कावून?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला कोणी मारले नव्हते, कोणी पाणी नाकारले नव्हते. तसबीर आत नेण्याचे काम मी स्वतःच केले होते. पुढे ती हॉलमध्ये आली. दोन घरांचे येणेजाणे कमी झाले आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक गृहस्थ, चार वर्षांत कधी न बोललेला, दारात येऊन हळूच ‘जय भीम’ म्हणाला. तोही विदर्भातलाच निघाला.

त्या दोन मजल्यांमधल्या चार वर्षांची कथा कोणी लिहिली आहे? एकाच जिन्यावरून रोज उतरणारी, एकाच लोकलमध्ये उभी राहणारी दोन माणसे परस्परांपासून जात लपवतात, हे आजचे समाजवास्तव आहे. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी व्यक्त केलेली निराशा आपण दर जयंतीला एकमेकांना ऐकवतो. मात्र ती निराशा ज्या घरात रोज घडते, त्या घरात आपली कथा जात नाही.

येथे आक्षेप येईल की खैरलांजी (२००६) घडलेल्या महाराष्ट्रात ब्लॉकवाल्यांच्या संकोचाची कथा कशाला? आक्षेप रास्त आहे. दोन वेदना एका तराजूत घालू नयेत. पण खैरलांजीनंतर निषेधाच्या पत्रकावर सही करताना ज्याचा हात आडनावापाशी अडखळला, तो माणूसही चळवळीचाच प्रश्न आहे. त्याला शिवी देऊन तो परत येणार नाही. त्याला त्याचे स्वरूप दाखवावे लागेल, आणि ते काम साहित्याचे आहे.

म्हणून नव्या लेखकांना एवढेच सांगणे आहे: ब्लॉकमध्ये राहत असाल तर लाजू नका, आणि तेथून वस्तीची उसनी कथाही लिहू नका. दारावरच्या पाटीवर आडनाव लिहिताना काय झाले, ते लिहा. तसबीर कोणत्या भिंतीवर आहे, ते लिहा.