चाल पोहोचली, अभंग कुठे राहिला?



गेल्या वर्षी एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सहाव्या दिवशीच्या कीर्तनात मी चाल म्हटली. पट्टी चढी होती, चाल अवघड होती आणि मृदंगाची साथ भरीव होती. समेवर आलो तेव्हा मंडपात टाळ्या झाल्या. कीर्तनानंतर दोघा-तिघांनी कौतुकही केले. मी त्याच आनंदात घरी आलो. आमच्या सौभाग्यवती मंडपात मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज छान लागला होता. पण अभंग कोणता होता हो?"

या बाईंना गाथ्यातले कितीतरी अभंग तोंडपाठ आहेत. काकडा आणि हरिपाठ यांतच त्यांचे आयुष्य गेले. त्यांना जर अभंग ओळखता आला नाही, तर मी दहा मिनिटे काय म्हणत होतो? नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले होते, ते ऐकले. आलाप स्वच्छ होता, तान बऱ्यापैकी होती, पण प्रत्येक चरणाचा शेवटचा शब्द मी गिळला होता. संतांचा शब्द माझ्या गळ्यापर्यंत आला आणि तेथेच राहिला.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण सप्ताहांच्या पत्रिकांवर गायनाचार्यांची नावे वाढत आहेत, आवाज तयार होत आहेत, आणि मंडपातले लोक मात्र गायचे थांबून ऐकू लागले आहेत. हे आपण तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या कीर्तनात चाल कशासाठी असते? बुवा निरूपण करतात, सिद्धान्त मांडतात, आणि त्याला आधार म्हणून संतांचे प्रमाण येते. ते प्रमाण मागे उभे असलेले गायक आणि टाळकरी उचलतात. म्हणजे चाल हा निरूपणातला विसावा नव्हे, ती साक्ष आहे. साक्षीदार कचेरीत आला, आवाज चढवून बोलला, पण काय बोलला ते कोणालाच कळले नाही, तर ती साक्ष झाली असे कोण म्हणेल? शब्द कळला नाही तर प्रमाण दिलेच गेले नाही.

काही जण म्हणतील, संतवाणीच्या मैफलीतही ताना असतात. खरे आहे. पंडित भीमसेन जोशींच्या संतवाणीने अभंग किती घरांत पोहोचवला, हे सांगायला नको. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्यांनी लावलेल्या चाली आपण सगळेच गुणगुणतो. पण त्या तानेमागे अनेक वर्षांची तालीम होती आणि शब्द कुठे ठेवायचा याचे भान होते. आपण मैफलीतून तान तेवढी उचलली, तालीम तेथेच ठेवली. शिवाय मैफलीचा श्रोता ऐकायला आलेला असतो. आपल्या मंडपातला माणूस म्हणायला आलेला असतो. त्याला धृपद झेलता आले नाही, तर चूक त्याची नाही.

मग सुधारणा कुठून करायची? मला जे उमगले ते सांगतो.

पहिली गोष्ट श्वासाची. मोठ्या अभंगाच्या चरणाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार खंड असतात. चरणाचा अर्थ पुष्कळदा त्या शेवटच्या चार अक्षरांत पुरा होतो. आपण तिसऱ्या खंडाच्या यमकावर रेंगाळतो, तेथे तान घेतो, श्वास संपतो आणि नेमकी ती चार अक्षरे विरून जातात. तेव्हा तान घ्यायचीच असेल तर आधी चरण एकदा सरळ, पुरा म्हणावा. श्वास खंड संपल्यावर घ्यावा, शब्द तोडून कधीही नाही. घरी अभंग आधी बिनसुराचा, टाळ न घेता, अर्थ लावत वाचावा. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती संतांचे ग्रंथ नीट समजून सांगणारी माणसे तयार व्हावीत म्हणून. आधी ग्रंथ, मग चाल, हा क्रम आपण उलटा करू नये.

दुसरी गोष्ट पट्टीची. काळी चार लावली म्हणजे गायक मोठा, असा एक समज पसरला आहे. त्या पट्टीत वरचा षड्ज लावताना बहुतेक पुरुषांचा गळा ताणतो, आणि मागचे टाळकरी गाण्याऐवजी ओरडू लागतात. पट्टी ठरवताना चालीतल्या धृपदाचा सर्वांत वरचा सूर पाहावा. तो सूर साठीच्या टाळकऱ्याला सहज लागतो का, हे कीर्तनाआधी पेटीवर पाहून घ्यावे. लागत नसेल तर निःसंकोच दोन पट्ट्या खाली यावे. वीणेची तारही त्याच सुरात मिळवावी. वीणा गळ्यात आहे आणि तार भलत्याच सुरात आहे, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट कर्ण्याची. ध्वनिक्षेपकवाल्याला आपण सांगतो, "इको वाढव." इको म्हणजे एका शब्दावर त्याचीच सावली पडणे. दगडी सभामंडपात नाद मुळातच घुमतो, त्यावर आणखी इको चढवला तर व्यंजने पुसली जातात आणि नुसते स्वर उरतात. निरूपणाला इको बंद ठेवावा, गायनाला नावापुरता असावा. माइकचे तोंड मुठीत धरू नये, त्याने शिट्टी वाजते आणि शब्द कोंदटतात. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो नकळत जोर करतो. म्हणून एक लहान कर्णा गायकांच्या दिशेने लावून घ्यावा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाला आपला टाळ सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मागची मंडळी ताल सोडतात असे म्हणून रागावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, आणि लय थोडी संथ धरावी. काकड्याला तर कर्ण्याचा मोह सोडलेलाच बरा. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला नियमानेही मनाई आहे, आणि पहाटेच्या शांततेत टाळ-मृदंग पुरेसे असतात.

चौथी गोष्ट गळ्याची. सात दिवस जागर, थंड पाणी आणि ओरडून बोलणे, मग आठव्या दिवशी खडीसाखर! खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते, पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवरून जात नाही. त्यांना हवे असते पाणी, झोप आणि मौन. सारखे खाकरणे आणि कुजबुजत बोलणे या दोन्हींनी त्रास वाढतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, त्यात कमीपणा नाही. आणि रोज सकाळी थोडा वेळ खर्जात, सावकाश सूर लावावा. चढा आवाज त्या पायावर उभा राहतो.

तरुण गायकांनी गैरसमज करून घेऊ नये. तुम्ही राग शिकता, रियाज करता, याचा आम्हा जुन्यांना आनंदच आहे. सपाट, बेसूर म्हणणे म्हणजे भक्ती, असे मी म्हणत नाही. बेसूरपणानेही शब्द झाकला जातो. माझे मागणे एवढेच, की तुमची विद्या अभंगाच्या कामी यावी, अभंग तुमच्या विद्येच्या कामी लागू नये.

पुढच्या सप्ताहात चाल संपवून मागे सरलात की टाळ्या मोजू नका. मंडपाच्या शेवटच्या ओळीत एखादी माउली बसलेली असेल, कीर्तनानंतर तिच्यापाशी जा आणि विचारा, "आजी, अभंग कोणता होता?" तिने तो म्हणून दाखवला, तर तुमचे गाणे पोहोचले. यंदा मीही घरी हाच प्रश्न विचारणार आहे. उत्तराची धाकधूक आहे, पण त्या धाकानेच सकाळचा खर्ज चुकत नाही.

रामकृष्ण हरी.