‘फार्ट’ आणि ‘पादणे’ : एका ग्राम्य धातूची वंशपरंपरा

ज्या शब्दाचा उच्चार शिष्टसमाजात टाळला जातो, त्याची व्युत्पत्तीही गंभीरपणे पाहू नये, असा एक अलिखित संकेत अभ्यासकांत रूढ झालेला दिसतो. अधोवायू सोडणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘फार्ट’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. हा शब्द केवळ ध्वनीच्या अनुकरणातून निघाला, असे म्हणून त्याची बोळवण केली जाते. हे मत पुराव्यास उतरत नाही.

प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘फेर्त्सन्’, प्राचीन नॉर्समध्ये वर्णविपर्ययाने ‘फ्रेता’, स्वीडिशमध्ये ‘फ्येर्ता’ अशी या धातूची रूपे आढळतात. जर्मन ‘फुर्त्स’ या नामात त्याचाच स्वर अपश्रुतीने बदललेला आहे. जर्मानिक शाखेबाहेर संस्कृत ‘पर्दते’, ग्रीक ‘पेर्दोमाइ’ ही रूपे आहेत. याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘त’ येथे यथास्थित झाला आहे. पुढे उच्च जर्मनमध्ये त्या ‘त’चा ‘त्स’ झाला, तोही नियमानेच.

धातूचा उगम अनुकरणात असू शकेल. परंतु प्रत्येक पिढीने ध्वनीचे नव्याने अनुकरण केले असते, तर आद्य ‘प’ टिकून राहिला असता. स्वीडिशमधील ‘प्रुत्ता’ या समानार्थी, अनुकरणवाचक क्रियापदात तो दिसतोच. ‘फार्ट’मध्ये तो नाही, यावरून हा शब्द वारशाने आला हे सिद्ध होते.

मराठी ‘पादणे’ याच कुळातले. संस्कृत ‘पर्द्’मधील संयुक्त व्यंजनाचे प्राकृतात ‘द्द’ होऊन पुढे पूर्वस्वर दीर्घ झाला. चरणवाचक ‘पाद’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. उलट लॅटिन ‘पेदो’ हे क्रियापद अर्थाने आणि उच्चाराने ‘पादणे’स अधिक जवळचे वाटते, तथापि ते ‘पेझ्द्’ या निराळ्या धातूपासून आले आहे. नादसाम्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

संकोचाचा परिणाम पाठनिर्णयावरही होतो. तेराव्या शतकातील ‘सुमेर इज इकुमेन इन’ या इंग्रजी गीतात एका नर पशूसंबंधी ‘व्हेर्तेथ्’ हे रूप येते. काहींनी ते लॅटिन ‘व्हेर्तेरे’, म्हणजे वळणे, याच्याशी जोडले. परंतु आद्य ‘फ’चा घोष उच्चार हे दक्षिण इंग्लंडच्या बोलींचे परिचित लक्षण आहे, आणि हस्तलिखिताचा संबंध रेडिंगच्या मठाशी आहे. देशी अर्थ स्वीकारल्यास वेगळ्या आदानाची कल्पना करावी लागत नाही. म्हणून तोच ग्राह्य मानावा.

कोशकारांनी मात्र बहुधा अधिक धैर्य दाखविले. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात हा शब्द घेतला. ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या आवृत्तीने दोन अधिक अश्लील शब्द वगळले, पण हा अशिष्ट म्हणून नोंदवून ठेवला. आपल्या धातुपाठानेही ‘पर्द्’ला कुत्सित शब्द करणे असा अर्थ देऊन स्थान दिले होते. निंदा अर्थात नोंदवावी, धातू मात्र गाळू नये, ही ती शिस्त.

ग्रिमचा नियम शिकविताना ‘पितृ–फादर’, ‘पद्–फूट’ या जोड्यांशेजारी ‘पर्द्–फार्ट’ ही जोडीही ठेवण्यास हरकत नसावी. अनुकरणवाचक मानलेला शब्दही ध्वनिनियमास कसा बांधलेला असतो, हे पहिल्या दोन जोड्यांवरून कळत नाही.