बहुटप्पी पंपातील अक्षीय बल : बॅलन्स डिस्कचा पुनर्विचार

बहुटप्पी अपकेंद्री पंपात सर्व इम्पेलर एकाच दिशेने बसविल्यास प्रत्येकाच्या पाठीवरील अधिक दाबामुळे सक्शनच्या दिशेने अक्षीय बल टप्प्यागणिक साचत जाते. यावर बॅलन्स डिस्क हा स्वयंनियामक उपाय म्हणून पाठ्यपुस्तकांतून गौरविला जातो. रोटर सक्शनकडे सरकला की फट अरुंद होते, गळती घटते, डिस्कवरील दाब वाढतो व रोटर मागे ढकलला जातो. युक्तिवाद निर्दोष आहे. मात्र तो पंप पूर्ण वेगात असतानाचाच. सुरू होताना व थांबताना हा दाब पुरेसा नसतो आणि नेमकी तेव्हाच पृष्ठे एकमेकांवर घासतात. बॅलन्स ड्रम असा दावा करीतच नाही. उरलेले बल तो थ्रस्ट बेअरिंगवर सोपवितो. वारंवार बंद-चालू होणाऱ्या बॉयलर फीड पंपासाठी, अधिक गळती सोसूनही, प्रस्तुत लेखकास ड्रमच विश्वासार्ह वाटतो.