'नाऊ अँड देन' : एका गीताची संहिता आणि तिच्यातील लोप

बीटल्स या इंग्रज रॉक-वाद्यवृंदाचे 'नाऊ अँड देन' हे गीत २ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा कर्ता जॉन लेनन याच्या मृत्यूला जवळजवळ त्रेचाळीस वर्षे लोटली होती. संगणकाने एका जुन्या ध्वनिफितीतून मृत गायकाचा स्वर सोडवून घेतला, या वार्तेने सर्वांना इतके भारून टाकले की गीताविषयीची बहुतेक चर्चा त्या यंत्रापाशीच संपली. परंतु स्वर कसा सोडविला हा तंत्राचा प्रश्न होय. त्या स्वराच्या मुखी कोणता पाठ ठेवला, हा समीक्षेचा प्रश्न आहे आणि तो अधिक बिकट आहे.

गीताचा मूळ आधार एकच : सुमारे १९७७ साली न्यूयॉर्कमधील डाकोटा या इमारतीतील आपल्या घरी लेननने पियानोवर स्वतः साथ करीत साध्या कॅसेटवर मुद्रित केलेला कच्चा खर्डा. १९९४ मध्ये त्याची पत्नी योको ओनो हिने हा खर्डा, अन्य काही गीतांसह, पॉल मॅकार्टनीच्या स्वाधीन केला. त्यांपैकी 'फ्री ॲज अ बर्ड' आणि 'रिअल लव्ह' ही दोन गीते हयात असलेल्या तिघांनी पुरी करून अनुक्रमे १९९५ व १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिसऱ्या गीतावरील काम मात्र १९९५ मध्येच सोडून देण्यात आले. फितीवर विजेचा सतत घुमणारा आवाज होता, स्वर आणि पियानो एकमेकांत मिसळलेले होते. शिवाय जॉर्ज हॅरिसनला हे गीत रुचले नव्हते, असे पुढे मॅकार्टनीनेच सांगितले आहे. हॅरिसन २००१ मध्ये निवर्तला. पीटर जॅक्सन याच्या 'गेट बॅक' (२०२१) या चित्रमालिकेसाठी सिद्ध झालेल्या यंत्राने पुढील वर्षी स्वर आणि पियानो वेगळे केले, आणि अडलेले काम मार्गी लागले.

मूळ खर्डा चोरट्या प्रतींतून रसिकांच्या हाती पूर्वीच पोचला असल्यामुळे दोन्ही पाठ ताडून पाहता येतात. तसे पाहता जो मोठा भेद आढळतो तो भर घातल्याचा नव्हे, लोपाचा आहे. खर्ड्यात कडवे आणि ध्रुवपद यांच्यामध्ये एक दुवा दोनदा येतो. त्याची चाल चाचपडत जाते. शब्दही धड जुळलेले नाहीत, काही ठिकाणी ते नुसते पुटपुटलेले आहेत. तरी त्याचा आशय कळतो. प्रिय व्यक्ती हातची जाईल ही भीती, आपल्याच हातून तिला इजा होईल ही त्याहून खोल भीती, आणि तिला जायचेच असेल तर काय, हे अर्धे राहिलेले वाक्य. २०२३ च्या पाठात हा दुवा समूळ गळला आहे.

या लोपाचा परिणाम रचनेपुरता मर्यादित नाही. कडव्यात कृतज्ञता आहे आणि ध्रुवपदात आठवण. या दोहोंतील 'तू' कोण, हे त्यांच्या शब्दांवरून ठरत नाही. ते ठरत होते या दुव्यावरून. तो असेतोवर हे एका अपराधी मनाच्या प्रियकराचे गीत आहे. तो काढताच तोच 'तू' मोकळा होतो आणि त्या जागी जुना मित्र, सहकारी, किंबहुना सारा दुरावलेला वाद्यवृंद सहज येऊन बसतो. लेनन मॅकार्टनीला उद्देशून गात आहे, असे असंख्य श्रोत्यांना वाटले. तो भास निराधार नाही. मात्र त्याचा आधार लेननच्या रचनेत नसून संपादकाच्या कात्रीत आहे.

यावर असे उत्तर देता येईल की खर्डा म्हणजे कृती नव्हे, आणि परस्परांच्या गीतांत हात घालणे ही या जोडीची जुनी रीतच होती. 'अ डे इन द लाइफ' (१९६७) या लेननच्या गीताचा मधला भाग मॅकार्टनीचा आहे, आणि त्याविना ते गीत कल्पिता येत नाही. हे खरे, पण तेथे लेनन समोर बसला होता आणि नको म्हणू शकत होता. 'फ्री ॲज अ बर्ड'शी तुलना अधिक बोधक ठरते. त्या खर्ड्यातही मधला भाग अपुरा होता. मॅकार्टनी व हॅरिसन यांनी तो नव्या शब्दांनी भरला आणि स्वतःच्या आवाजात गाइला. लेननचा फितीवरचा विटलेला स्वर आणि त्यांचा ताजा स्वर यांतील सांधा कानाला स्पष्ट कळतो. तो प्रक्षेप आहे, परंतु प्रामाणिक प्रक्षेप आहे. येथे सांधा दिसतच नाही, कारण जोडलेले ऐकू येते, वगळलेले येत नाही.

जोडले तेही थोडे नाही. १९६६ च्या 'एलिनॉर रिग्बी' व 'हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर' आणि १९६९ च्या 'बिकॉज' या गीतांतील समूहस्वर, १९९५ ची हॅरिसनची गिटार, रिंगो स्टारचे नवे तालवाद्यवादन, तंतुवाद्यांचा मेळ, आणि हॅरिसनच्या धाटणीने मॅकार्टनीने वाजविलेली सरकती गिटार. वेगवेगळ्या काळांचे हे थर मोठ्या कौशल्याने एकजीव केले आहेत. गीत ऐकताना मन हेलावते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ते विक्रीत अग्रस्थानी गेले, २०२५ मध्ये त्यास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

घोटाळा 'शुद्ध' या एका शब्दाने केला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती मागाहून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. मूळ ओवी कच्ची वाटली म्हणून गाळण्यासाठी नव्हे. येथे शुद्ध झाला तो ध्वनी, आणि स्वर इतका निर्मळ ऐकू येऊ लागला की पाठही तितकाच निर्मळ असणार असे गृहीत धरले गेले. विटलेल्या फितीवर श्रोता सावध असतो. लखलखीत स्वरापुढे ती सावधगिरी उरत नाही.

स्वर सुटा झाल्यावर तो संपूर्ण खर्डा, त्यातील दुव्यासह, नव्या गीताच्या सोबतीने देणे अशक्य नव्हते. २०२३ च्या तबकडीची दुसरी बाजू मोकळीही होती. तेथे बीटल्सचे १९६२ मधील पहिले गीत, 'लव्ह मी डू', ठेवण्यात आले.