सूर मिळाले, माणूस राहिला

१९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर प्रथम दाखविलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या चित्रगीताचा कित्ता पुढे अनेकांनी गिरविला. त्यातील तंत्र साधे आहे. भैरवीची एकच चाल; भाषा बदलली की स्थळ बदलते, वेष आणि निसर्गही बदलतात. सूर तुटत नाही, म्हणून तुटक दृश्येही एकसंध वाटतात. हे संकलनाचे यश निर्विवाद होय. परमुलखात बसून मराठी ओळीची वाट पाहणाऱ्या आम्हांस तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि या पद्धतीतील एक उणीव आम्हांस बोचते. तमिळ समुद्रकाठी, बंगाली कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेत. जवळजवळ प्रत्येक भाषा आपापल्या अंगणातच उभी आहे. परप्रांती संसार थाटलेल्या, शेजाऱ्याशी एक व घरात दुसरी भाषा बोलणाऱ्या आम्हां बदलीवाल्यांना त्या सहा मिनिटांत जागा कोठे?

नवल असे, की ती जागा आरंभीच होती. गदगकडील कानडी मुलखात जन्मलेले, पुण्यात स्थायिक झालेले पंडित भीमसेन जोशी तमिळनाडूतील कोडाईकनालच्या धबधब्यापाशी हिंदी ओळ गातात. कॅमेऱ्याने धबधबा दाखविला. हा प्रवास दाखविला नाही.

प्रांतांची चित्रे शेजारी शेजारी मांडल्याने एकात्मतेची शोभा दिसते. शेजारी राहणारी माणसे दाखविली असती, तर तिचा अर्थही उमगला असता.