निवडक माध्यमातला 'च'

'ज्यावर अपेक्षित जिवाणूच वाढतो ते निवडक माध्यम.' सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक-वह्यांत या धर्तीची व्याख्या आढळते. वाक्य लहान आहे, पाठ करण्यास सोपे आहे, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. आमचा आक्षेप त्यातील एकाच अक्षरावर आहे, तो म्हणजे 'जिवाणूच'मधला 'च'. या 'च'मुळे तीन चुकीच्या समजुती रुजतात. मॅकॉन्की आगर या सर्वपरिचित माध्यमाच्या आधारे त्या तपासून पाहू.

१९०० च्या सुमारास अल्फ्रेड मॅकॉन्की या इंग्लिश जिवाणूशास्त्रज्ञाने पित्तक्षार घातलेले माध्यम तयार केले आणि १९०५ साली त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यामागील विचार साधा होता. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना पित्ताची सवय असते, इतर अनेकांना ते सोसत नाही. आज प्रचारात असलेल्या माध्यमात पित्तक्षारांच्या जोडीला क्रिस्टल व्हायोलेट हे रंगद्रव्यही असते. ही दोन द्रव्ये बहुतेक ग्रॅम-धन जिवाणूंची वाढ रोखतात. ग्रॅम-ऋण जिवाणूंना त्यांच्या बाह्यपटलाचे संरक्षण मिळते, म्हणून ते वाढतात.

पहिली चुकीची समजूत अशी की, येथे वाढला तो एश्चेरिशिया कोलाय. प्रत्यक्षात क्लेबसिएला, साल्मोनेला, शिगेला, प्रोटियस, स्यूडोमोनास हे सारेच या माध्यमावर वाढतात. मग गुलाबी रंग कशाचा? माध्यमात लॅक्टोज ही दुधातील शर्करा आणि न्यूट्रल रेड हा दर्शक असतो. लॅक्टोजचे किण्वन करणारा जिवाणू आम्ल तयार करतो, पीएच ६.८ च्या खाली उतरतो आणि वसाहत गुलाबी-लाल दिसते. जे लॅक्टोज वापरत नाहीत त्यांच्या वसाहती रंगहीन राहतात. म्हणजे निवड करण्याचे काम पित्तक्षार व क्रिस्टल व्हायोलेटचे, तर भेद दाखवण्याचे काम लॅक्टोज व न्यूट्रल रेडचे. ही दोन कामे वेगळी करून न शिकवल्यामुळे गुलाबी रंगालाच ओळखपत्र मानले जाते. क्लेबसिएलाच्या वसाहतीही गुलाबीच असतात, हे तेव्हा विसरले जाते.

दुसरी समजूत अशी की, जे दिसत नाहीत ते मेले. निवडक माध्यम पुष्कळदा जिवाणूंना मारत नाही, केवळ त्यांची वाढ थोपवते. असे थोपलेले जिवाणू सुबक दिसणाऱ्या वसाहतीच्या आत किंवा खाली जिवंत असू शकतात. म्हणूनच जाणकार कर्मचारी निवडक माध्यमावरील वसाहत उचलून साध्या पोषक माध्यमावर पुन्हा रेघोट्या ओढतो आणि सर्व वसाहती एकसारख्या येतात का ते पाहतो. ही पायरी अनेकदा 'वेळ असल्यास करावी' अशा थाटात शिकवली जाते. शुद्ध संवर्धन मिळाल्याची खात्री खरे तर तिच्यावाचून होत नाही.

तिसरी समजूत सर्वांत घातक आहे: वसाहत नाही, म्हणजे जिवाणू नाही. क्लोरीनमुळे जखमी झालेल्या जिवाणूंचे बाह्यपटल दुबळे होते. एरवी सहज सोसणारे पित्तक्षार तेव्हा त्यांना सोसत नाहीत. अशा पाण्याचा नमुना थेट पित्तक्षारयुक्त माध्यमावर टाकला तर खरी संख्या कमी भरते. तेच जिवाणू प्रथम सौम्य माध्यमात सावरू दिले तर पुन्हा वाढू शकतात. पिण्याच्या पाण्याविषयी निर्णय घेताना हा फरक क्षुल्लक नाही.

व्याख्येत आणखी एक उणीव आहे. निवड म्हणजे विष घालणे, एवढेच तिच्या स्पष्टीकरणातून कळते. १९०१ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे मार्टिनस बेयेरिंक यांनी अॅझोटोबॅक्टर मिळवला तो नायट्रोजनयुक्त संयुगे वगळलेल्या द्रवात. हवेतील नायट्रोजन वापरू शकणाऱ्यांचे तेथे फावले, इतर उपाशी राहिले. काय घातले याइतकेच काय वगळले हेही निवड करते, हे या उदाहरणातून विद्यार्थ्यांना चटकन उमगते.

मग शिक्षकांनी काय करावे? शाळेत सांडपाण्यातील जिवाणू वाढवू नयेत. ते धोक्याचे आहे. माध्यमातील घटकांची यादी फळ्यावर लिहावी आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न विचारावा: हा घटक पोसतो, रोखतो की दाखवतो? त्यानंतर गुलाबी वसाहतीविषयी आपल्याला निश्चित काय कळले आणि काय कळले नाही, हे दोन रकान्यांत लिहून घ्यावे. पहिल्या रकान्यात फार थोडे येईल: पित्तक्षार सोसतो, लॅक्टोजपासून आम्ल करतो. नाव दुसऱ्या रकान्यातच राहील. ते ठरवण्यासाठी पुढील चाचण्या लागतात.

व्याख्याही बदलावी असे आम्ही सुचवतो: 'काही जिवाणूंची वाढ रोखून इतरांना वाढीची अधिक संधी देते ते निवडक माध्यम.' वाक्य थोडे लांबले खरे, पण त्यात 'च' नाही.