विडंबनाचा सत्कार समारंभ

नवा प्रेमपट येतो. नायक-नायिका सोफ्यावर बसतात. समोर त्यांच्याच सिनेमातल्या ताटातुटीचं विडंबन चालतं, दोघं मनमुराद हसतात आणि शेवटी प्रदर्शनाची तारीख जाहीर होते. 2014 पासून 'चला हवा येऊ द्या' या टीव्ही कार्यक्रमाने हा साचा घरोघरी पोचवला. आता तो कुणाला खटकतही नाही. मला खटकतो. ज्याची टर उडवायची तोच पाहुणा असेल, तर तो सत्कार झाला.

त्या कार्यक्रमातल्या थुकरटवाडीच्या भाऊ कदमांच्या टायमिंगबद्दल वाद नाही. पण आर्ची-परश्याच्या एवढ्या नकला झाल्या, त्यातल्या किती नकलांनी 'सैराट'ला एखादा आगाऊ प्रश्न विचारला? पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतूनही 'जय मल्हार'च्या, 'बाहुबली'च्या रूपातले गणपती गेले. गिऱ्हाइकाने मागितले, कारागिराने घडवले. त्याला कुणी विडंबन म्हटलं नाही. टीव्हीवर तेवढ्याच कामाला म्हणतात.

टीव्हीवरचीच 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' स्वतःची पात्रं घडवते, म्हणून बरी. पण तिथेही कोकणी माणसाचा हेल आधी येतो, माणूस मागाहून.

विडंबन शिकावं ते तमाशातल्या मावशीकडून. गवळणीत कृष्ण वाट अडवतो, शृंगार रंगू लागतो, तोच मावशी मध्ये तोंड घालते आणि देवाची प्रेमलीला म्हणजे पोरींची वाट अडवणाऱ्या टग्याचे चाळे ठरतात. मावशी म्हणजे साडीतला पुरुषच, पण हसू तिच्यापाशी थांबत नाही, थेट कृष्णाला जाऊन लागतं. कवी केशवकुमारांनी 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहात हळव्या प्रेमकवितेला असंच धारेवर धरलं. कवींना आधी विचारलं नव्हतं. जपानी व्हिडिओ गेममधल्या मारिओचंही असंच विडंबन करता येईल. 1981 च्या 'डाँकी काँग'पासून तो कुणाला तरी सोडवायला उड्या मारतोय. त्याला मालिकेतल्या प्रेमिकासारखं हुंदके द्यायला लावलं, की गेमचा साचा उघडा पडतो आणि मालिकेचाही.

मावशीचा हा वाण आज मला यूट्यूबवरच्या आगरी बोलीतल्या व्हिडिओंत दिसतो. विनायक माळींच्या 'माझी बायको'त प्रेमाचा फिल्मी फुगा नवरा-बायकोच्या रोजच्या कटकटीवर फुटतो. पेणच्या खारेपाटापासून रोह्यापर्यंत जी बोली शाळेत 'अशुद्ध' म्हणून दटावली गेली, तीच इथे शुद्ध बोलणाऱ्या नायकाची फिरकी घेते. टीव्हीवर बोलीला हसतात. इथे बोली हसते. हे व्हिडिओ ओबडधोबड आहेत, लांबतात, मध्येच जाहिराती घुसतात. असू दे. सफाई विकत मिळते, आगाऊपणा मिळत नाही. समीक्षकांनी मात्र या बोलीकडे बघायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. पुण्या-मुंबईच्या सभागृहात तिकीट लागल्याशिवाय त्यांना विनोद ऐकू येत नाही.

म्हणून पेण-रोह्याच्या गणेशोत्सव मंडळांना सांगणं आहे: यंदा मिमिक्रीवाल्याला सुपारी देण्याआधी गावातल्या पोरापोरींना अर्धा तास रंगमंच द्या. अट एकच ठेवा, संहिता आधी कुणालाही दाखवायची नाही. अध्यक्षांनासुद्धा नाही.